‘मी पैसे देतो म्हणूनच तो घरी बसलाय का?’

मी समुपदेशन करते. नोकरी गेलेल्या माणसाबद्दल घरातला कमावता माणूस हा प्रश्न मला वारंवार विचारतो. कधी वडील, कधी सासरे, बऱ्याचदा भाऊ. अशाच एका थोरल्या भावाची ही हकिकत. दोघा भावांच्या संमतीने आणि तपशील बदलून लिहिते आहे.

धाकटा पंचेचाळिशीचा, भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मशीन ऑपरेटर होता. कारखाना बंद पडला तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, घरीच. बायको ब्लाउज शिवते, थोरले जमेल तसे पैसे पाठवतात. “मॅडम, तो साधा फोनसुद्धा उचलत नाही. पैसे बंद केले तर हलेल का जागचा?” बोलता बोलता ते लाडकी बहीण योजनेवर घसरले. आमच्या टॅक्सच्या पैशातून महिन्याला १५०० रुपये फुकट वाटायचे, मग काम कोण करणार? त्यांच्या भावजयीलाही ते पैसे मिळतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. असंच बोलणं एका बारशात ऐकल्यापासून तिने ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी धाकट्याला बोलावलं. तो आला, तासभर खाली मान घालून बसला. फोनचं विचारल्यावर त्याने तो माझ्यासमोर ठेवला. न घेतलेल्या कॉल्सची यादी लांबच लांब. कर्जाचे हप्ते थकले होते, वसुलीवाल्यांचे फोन सकाळपासून सुरू व्हायचे. अनोळखी नंबर दिसला की छातीत धडधडायचं, म्हणून त्याने ते घेणंच सोडलं. पण ज्या कंपन्यांत अर्ज टाकले होते, त्यांचे नंबरही अनोळखीच की! आम्ही तिथेच बसून काही नंबर तपासले. त्यातला एक चाकणच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरचा निघाला, दोनदा येऊन गेलेला.

घरच्यांना दिसत होता तो आळस. मला दिसत होती भीती, आणि तिच्याखाली लाज. दूध आणायला तो पहाटे जायचा, म्हणजे कुणी भेटायला नको. लग्नकार्यं टाळायचा, कारण तिथे “सध्या कुठे?” हा प्रश्न ठरलेला.

पैसे दिल्याने माणूस बसून राहतो का, याचा विचार करताना मला ऑस्ट्रियातलं मारिएनथाल आठवतं. व्हिएन्नाजवळच्या या गावातली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेणं कमी झालं होतं. पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती. आणि ज्या घरांत माणशी सगळ्यात कमी पैसे येत होते, तीच सगळ्यात जास्त खचलेली होती. उपासमारीने माणूस कामाला लागतो, हे मला माझ्या कामातही कधी दिसलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला फार लागली. धाकट्याच्या पगारातून वर्षानुवर्षं ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जात होता. कारखाना बंद पडून किंवा कामगार कपातीत नोकरी गेली, तर अशा विमाधारकाला २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेकारी भत्ता मिळतो. जास्तीत जास्त दोन वर्षं. पहिल्या वर्षी सरासरी पगाराच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. त्याने अर्जच केला नव्हता. “सरकारचं फुकट खातो म्हणतील,” म्हणाला. स्वतः भरलेल्या विम्याचे पैसे! ते वेळेवर आले असते तर हप्ते कदाचित थकलेही नसते.

थोरल्यांना पुढच्या वेळी पगाराची स्लिप आणायला सांगितली. त्यात व्यवसाय कराचे २०० रुपये होते. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली ही योजना. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बिनकामाच्या हातांसाठी पैसे द्यायचे, हा त्यातला करार. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बहात्तरला आमची आई पाझर तलावाच्या कामावर होती. तिथे खायला मिळणारी सुकडी घरी आणायची. पण ती काम करून पैसे घेत होती.”

हरकत रास्त होती, आणि मी तसं सांगितलं. काम मागण्याचा हक्क, हाच तर रोजगार हमी कायद्याचा गाभा. पण शहरातल्या, कारखाना बंद पडलेल्या त्यांच्या भावाला तशी हमी कुठे आहे? मागितलं तर मिळेल असं काम त्याच्यासाठी कुणी ठेवलेलंच नाही. योजनांवर टीका जरूर करावी, निवडणुकीच्या तोंडावर पैसे वाटण्यावर तर करावीच. पण १५०० रुपयांत, म्हणजे दिवसाला पन्नासात, कुणी काम सोडून बसेल असं मला वाटत नाही. आणि बारशात बोललेलं ऐकू जातं ते सरकारला नव्हे, शेजारी बसलेल्या बाईला.

ठरलं ते साधं होतं. थोरल्यांनी सहा महिने एक तारखेला ठरावीक रक्कम पाठवायची, सोबत चौकशी नाही. थकलेल्या हप्त्यांसाठी दोघांनी मिळून बँकेत जाऊन मुदत मागायची. सकाळी अकरा ते बारा धाकट्याने येईल तो फोन घ्यायचा, पहिले काही दिवस बायको शेजारी बसणार. तिनेही १५०० रुपयांचं दिरांना सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर तो विषय त्यांनी घरात काढला नाही.

चौथ्या महिन्यात धाकट्याला तळेगावला कंत्राटी काम लागलं, आधीपेक्षा कमी पगारावर. थोरल्यांनी ठरलेले सहा महिने पुरे केले.

तुमच्या घरी कुणाची नोकरी अशी गेली असेल आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर पहिल्याच महिन्यात त्यांच्यासोबत ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. विमा क्रमांक, आधार, बँकेचं पासबुक आणि कारखाना बंद झाल्याचं किंवा कामावरून कमी केल्याचं पत्र जवळ ठेवा. भत्त्याच्या काळात उपचारांची सोयही चालू राहते, हे तिथे विचारून घ्या. एकट्याला पाठवू नका.