ओटीपी दिला, तक्रार बंद झाली. बिघाड तसाच आहे

प्रश्न : गेल्या वर्षी दसऱ्याला सांगलीतल्या एका दुकानातून आम्ही २८,५०० रुपयांना छोटा होम थिएटर संच घेतला. एक साउंडबार, वायरलेस सबवूफर (जड, घुमणाऱ्या आवाजाचा वेगळा स्पीकर) आणि मागे ठेवायचे दोन स्पीकर. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, टीव्हीवरचं बोलणं त्यांना स्पष्ट कळावं म्हणून. सातव्या महिन्यापासून सबवूफर वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडतो आणि मागचे स्पीकर बहुतेक वेळा मुकेच असतात. सर्व्हिस सेंटरचा माणूस तीनदा येऊन गेला. दोनदा ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’ म्हणाला. तिसऱ्यांदा दहा मिनिटं ऐकून ‘चालतंय की’ म्हणाला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. मी दिला. लगेच तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच सुरू. आता वॉरंटी संपून बारा दिवस झाले. कंपनी म्हणते, व्होल्टेज कमी-जास्त झाल्यामुळे बोर्ड गेला, ९,८०० रुपये भरा. दुकानदार बिलावरची ‘सर्व वाद मुंबई न्यायकक्षेत’ ही ओळ दाखवतो. सकाळी मी घरी योगवर्ग घेते, तेव्हाही हा संच वापरते. माझी केस उभी राहील का?

उत्तर : केस उभी राहील. पण तुम्ही एका पत्रात दोन तक्रारी लिहिल्या आहेत आणि आज आहेत तशा नेल्या, तर त्यातली एक दुसरीला बुडवील. म्हणून कायद्याआधी थोडं तुमच्या दिवाणखान्याबद्दल बोलतो.

मागचे स्पीकर मुके राहणं हा कदाचित दोष नसेलच. साउंडबारची एचडीएमआय वायर टीव्हीच्या मागे ज्या खोबणीवर ‘आर्क’ किंवा ‘ईआर्क’ लिहिलेलं असतं, तिथेच लागते. शेजारच्या खोबणीत लावली तर टीव्हीचा आवाज तिच्यातून साउंडबारकडे येतच नाही. वायर बरोबर असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट बघा. ते ‘पीसीएम’वर असेल तर साध्या आर्कमधून फक्त डावा आणि उजवा असे दोनच आवाज जातात, मागच्या स्पीकरांच्या वाट्याला काही येत नाही. ते ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करा आणि ५.१ आवाज (म्हणजे मागच्या स्पीकरांसाठीही वेगळा आवाज) असलेला एखादा चित्रपट लावा. बऱ्याच बातम्या आणि जुन्या मालिका मुळात डाव्या-उजव्या अशा दोन आवाजांच्याच असतात, त्यावरून मागच्या स्पीकरांची परीक्षा घेऊ नका. एवढं करून ते बोलू लागले, तर ही तक्रार आजच काढून टाका. ती ठेवलीत तर कंपनीचा वकील टीव्हीचं सेटिंग दाखवील आणि म्हणेल, बाईंना यंत्र लावता येत नाही, बाकीचंही तसंच असणार. खऱ्या तक्रारी अशा जोडतक्रारींमुळे कमकुवत झालेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण माणूस खोटं बोलत नसतो.

सबवूफरचं तसं नाही. ठरावीक वेळ चालून बंद पडणं, थंड झाल्यावर परत चालू होणं, हे यंत्राच्या आतल्या बिघाडासारखं दिसतं. पण ‘दिसतं’ म्हणून ग्राहक आयोग आदेश देत नाही. सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट सांगितलं आहे, आणि दोषाच्या बाबतीतही पहिला पुरावा तुमच्याकडूनच यायला हवा. तेव्हा बाहेरची एकेक शक्यता स्वतः मिटवा. टीव्हीची वायर काढून ठेवा आणि पेन ड्राइव्ह किंवा ब्लूटूथवरून गाणी लावा. वाय-फाय राउटर संचाला चिकटून असेल तर तो दूर न्या. सबवूफर साउंडबारपासून चार-पाच फुटांवर ठेवा आणि दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावा. इतकं करूनही तो पंचविसाव्या मिनिटाला बंद पडला, तर दोष टीव्हीत नाही, वायरीत नाही, राउटरमध्ये नाही. मग तो संचातच आहे.

हे सगळं मोबाइलवर सलग चित्रित करा, मध्ये कुठेही कापू नका. सुरुवातीला सबवूफरच्या मागचा सिरियल नंबर, मग भिंतीवरचं घड्याळ, शेवटी बंद पडताना त्याचा दिवा. दोन वेगवेगळ्या दिवशी करा. आयोगात असं चित्रीकरण देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं, म्हणजे त्यावर आक्षेपाला जागा कमी राहते. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या.

आता ओटीपी. तो दिल्याने तुमचा हक्क गेला नाही. तो त्या दिवशी भेट पूर्ण झाल्याची नोंद आहे, यंत्र दुरुस्त झाल्याची कबुली नव्हे. तरीही तोच कागद कंपनी सगळ्यात आधी पुढे करणार, म्हणून त्याला उत्तर हवं. आजच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा : अमुक तारखेला, अमुक तक्रार क्रमांकाची भेट झाली, दुरुस्ती न करता तक्रार बंद केली गेली, दोन दिवसांत तोच बिघाड परत आला. तिन्ही भेटींच्या जॉबशीट, म्हणजे काय तपासलं आणि काय केलं याच्या लेखी नोंदी, मागा. दिल्या नसतील तर ‘दिल्या नाहीत’ हेही लिहा. तक्रार नोंदवल्याचे तिन्ही मेसेज पुसू नका, कारण वॉरंटी चालू असताना बिघाड कळवला होता हे त्यांवरून सिद्ध होतं. वॉरंटीत सांगितलेला आणि तेव्हा न काढलेला दोष वॉरंटी संपली म्हणून तुमच्या गळ्यात मारता येत नाही. तुमचा मुख्य आधार हाच आहे.

व्होल्टेजच्या सबबीवर एकच प्रश्न विचारा, लेखी : हा निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला? तुम्ही सांगता त्यावरून तिन्ही भेटींत कोणी मीटर लावलेला नाही. त्याच घरातला टीव्ही आणि फ्रिज ठणठणीत असतील तर तेही लिहा.

९,८०० रुपये भरू नका. सासऱ्यांसाठी संच लगेच हवाच असेल तर ‘हक्क राखून, निषेध नोंदवून’ असं लिहून भरा, आणि काढलेला बोर्ड परत मागा. बोर्ड गेला की पुरावा गेला. बाहेरच्या मेकॅनिकला तर अजिबात उघडू देऊ नका; सील तुटलं की कंपनीला आयतं कारण मिळतं.

मुंबईच्या न्यायकक्षेची ओळ विसरून जा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे तुमच्या बाबतीत सांगलीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, पण बिघाड ताजा असतानाच दाखल केलेली बरी.

योगवर्गाचं लपवू नका. कंपनी ‘व्यावसायिक वापर’ म्हणेल, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा दावा करील. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात खरेदीचा मुख्य हेतू बघायला सांगितलं आहे, आणि तुमचा हेतू घरच्या माणसासाठी होता. शिवाय स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना कायद्याने वेगळी सवलत ठेवली आहे. वॉरंटी कार्डावर मात्र ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी अट आहे का, हे मला कार्डाचा फोटो पाठवून कळवा. ती असेल तर तक्रारीची मांडणी थोडी वेगळी करावी लागेल.

मागायचं काय? इथे मी तुम्हाला थोडं आवरतो. एका मोटारीच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत दोषी भाग बदलून देण्याचं वचन असेल, तर सरसकट नवी गाडी मागता येत नाही. म्हणून क्रम असा लावा : आधी मोफत दुरुस्ती आणि नव्या भागावर नव्याने वॉरंटी, तीन प्रयत्नांनंतरही ते जमत नसेल तर नवा संच, तेही नाही तर २८,५०० रुपये व्याजासह. त्रासाची भरपाई आणि खर्च माफक मागा. दोन लाख मागून कुणाचं भलं झालेलं नाही.

तक्रारीत कंपनी, सर्व्हिस सेंटर आणि दुकानदार, तिघांनाही पक्षकार करा. आधी स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. त्याच आठवड्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीकडून लेखी उत्तर येण्याची शक्यता असते आणि ते उत्तर आपल्याला हवं आहे. प्रकरण आयोगात गेलं आणि कंपनी दोष नाकारत राहिली, तर कलम ३८ खाली संच सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याची विनंती करा. प्रयोगशाळेचा अहवाल पंचेचाळीस दिवसांत, आणि तपासणी लागली तर निकाल पाच महिन्यांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तयारी ठेवा.

नोटीस मिळाल्यावर कंपनीचा माणूस बहुधा फोन करून ‘बदलून देतो’ म्हणेल. जरूर ऐका, पण फोनवर हो म्हणू नका. ईमेलवर लिहून घ्या की येणारा संच कोरा आहे, दुरुस्त करून पुन्हा विकलेला नाही, आणि त्याची वॉरंटी कोणत्या तारखेपासून किती महिने. तो संच घरी आल्यावर सबवूफर सलग तासभर वाजवून बघा. ओटीपी त्यानंतरच द्या.