फिरणाऱ्या ब्लॅक होलमधली सिंग्युलॅरिटी खरंच काढता येते का?

प्रश्न: सिंग्युलॅरिटीच (म्हणजे घनता अनंत होते आणि गणित कोलमडतं ती जागा) नसलेल्या, आणि तेही फिरणाऱ्या, ब्लॅक होलची मॉडेल्स आहेत म्हणे. मग कोसळणाऱ्या ताऱ्यात सिंग्युलॅरिटी टळत नाही असं सांगणारं पेनरोजचं प्रमेय चुकलं का?

उत्तर: नाही हो, प्रमेय शाबूत आहे. १९६५ चं ते प्रमेय काही गृहीतकांवर उभं आहे आणि ही मॉडेल्स त्यातलंच एखादं सोडून देतात, बस.

सुरुवात १९६८ ची. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स बार्डीनने ब्लॅक होलच्या सूत्रातल्या स्थिर वस्तुमानाच्या जागी केंद्रापासूनच्या अंतरानुसार बदलणारं वस्तुमान घातलं. लांबून ते नेहमीसारखंच दिसतं, पण केंद्राजवळ अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जातं, आणि आकारमानही घनानेच कमी होतं ना, म्हणून घनता अनंताकडे न जाता एका आकड्यावर थांबते. आत दाब ऋण असतो, त्यामुळे तिथलं गुरुत्व ओढण्याऐवजी बाहेर ढकलतं आणि तेच कोसळणं अडवतं. आता असा पदार्थ आणायचा कुठून, तर २००० मध्ये आयोन-बियातो आणि गार्सियांनी दाखवलं की नॉनलिनियर विद्युतचुंबकत्वातला (म्हणजे नेहमीचे नियम तीव्र क्षेत्रात बदलतात अशा सिद्धांतातला) चुंबकीय एकध्रुव, म्हणजे एकच ध्रुव असलेला चुंबक, चालतो.

फिरवायचं म्हटलं की अवघड होतं. आइन्स्टाइनच्या समीकरणांचं फिरणाऱ्या ब्लॅक होलसाठीचं उत्तर केरने १९६३ मध्ये काढलं, त्यात सिंग्युलॅरिटी बिंदू नसते, कडं असतं. २०१३ मध्ये बांबी आणि मोडेस्टोंनी न्यूमन-जॅनिसची जुनी युक्ती (न फिरणाऱ्या ब्लॅक होलच्या सूत्रातून फिरणाऱ्याचं सूत्र काढायची) वापरून बार्डीनचं आणि हेवर्डचं तसंच सिंग्युलॅरिटी नसलेलं मॉडेल फिरवलं आणि ते कडं गेलं. पण ही गणिती युक्ती आहे, आत नेमका कुठला पदार्थ आहे हे ती सांगत नाही, उलट केंद्राजवळ काही निरीक्षकांना ऊर्जेची घनता ऋण दिसते, आणि हे मला तरी सहज पचत नाही.

त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे आतलं क्षितिज. क्षितिज म्हणजे जिथून परत बाहेर येता येत नाही ती सीमा, आणि या मॉडेल्समध्ये तिच्या आत आणखी एक सीमा असते. तिथे बाहेरून येणाऱ्या किरणांची ऊर्जा भयानक वाढते आणि तिच्यामुळे वस्तुमान फुगत जातं, हे पॉइसन आणि इस्रायल या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच दाखवलं होतं, म्हणजे केंद्र दुरुस्त केलं तरी आतल्या क्षितिजापाशी सगळं परत बिघडू शकतं. आतल्या क्षितिजावरचं पृष्ठगुरुत्व (तिथल्या गुरुत्वाच्या जोराचं माप) शून्य ठेवलं तर ही वाढ टळते, आणि २०२२ मध्ये फिरणाऱ्या ब्लॅक होलसाठीही तशी मॉडेल्स आली.

एम८७ दीर्घिकेतल्या ब्लॅक होलच्या २०१९ च्या फोटोवरून निकाल लागेल का? नाही. तो प्रकाश क्षितिजाच्या बाहेरचा आहे आणि बदल अगदी आतल्या भागापुरता असेल तर सावली, म्हणजे फोटोतला मधला काळा भाग, केरच्या ब्लॅक होलसारखीच दिसते. आणि मुळात कोसळणाऱ्या ताऱ्यातून असं काही आपोआप तयार होतं का, हे यातल्या बहुतेक मॉडेल्समध्ये काढलेलंच नाही, अवकाश-काळाची भूमिती आधी हाताने लिहिलेली असते.