धुळ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. इंकस्केप, गिंप ही डिझाइनची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, मग त्यांवर केलेल्या लग्नपत्रिकांचे पैसे घेतलेले कायद्याने चालतात का?

हो, बिनधास्त घ्या. लग्नपत्रिका असो की रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं बिलबुक, डिझाइन तुमचं आणि मजुरीही तुमची. हे दोन्ही प्रोग्राम जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या खुल्या परवान्याखाली आहेत आणि तो धंद्यासाठी वापरायला कुठेही अडवत नाही. प्रोग्रामची सीडी करून विकलीत तरी चालतं, फक्त घेणाऱ्याला सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) आणि तेच हक्क द्यावे लागतात. फुकट म्हणजे बेवारस, हा समज मात्र सोडा. कॉपीराइट मूळ लेखकांचाच राहतो, त्याच्याच जोरावर तर हा परवाना उभा आहे.

खरी भीती क्रॅक केलेल्या महागड्या सॉफ्टवेअरची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार, माहीत असून बेकायदा प्रत कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. दुकानदाराने ही जोखीम घेऊच नये, असं मला कळकळीने वाटतं.

एक सांभाळा: फॉन्ट आणि क्लिपआर्टचा परवाना वेगळा असतो. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेला फुकट फॉन्ट गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत चालत नाही. ‘मुक्त’ (Mukta), ‘बालू’ (Baloo) यांसारखे ओपन फॉन्ट लायसन्सचे, म्हणजे धंद्यातही वापरता येणाऱ्या खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट वापरा.