सामाईक भिंत आणि पोकलेन

प्रश्न : सदाशिव पेठेतील आमचा दुमजली जुना वाडा पाडायचा आहे. पोकलेनने दोन दिवसांत काम होईल, असे ठेकेदार म्हणतो. मात्र एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. काय करावे?

उत्तर : सर्वस्वी पोकलेनवर विसंबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या वाड्यांत विटांच्या भिंती आणि लाकडी खांब-तुळया एकमेकांना धरून उभ्या असतात, त्यामुळे यंत्राने एक तुळई ओढली की चुन्यात बांधलेली, ओल लागून कमकुवत झालेली भिंत अनपेक्षित दिशेला कोसळू शकते. इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेसाठीचे भारतीय मानक आयएस ४१३० (१९९१) अवश्य पाहावे. कौले, वासे आणि वरचा मजला मजुरांकडून हाताने उतरवून घ्यावा. सामाईक भिंतीलगतचा भागही हातानेच सोडवावा, आणि तिला टेकू कुठे द्यायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी ठरवून घ्यावे. उरलेल्या भागासाठी पोकलेन चालेल, पण ते भिंतीच्या उंचीपेक्षा अधिक अंतरावर उभे राहायला हवे, आणि पेठेतल्या बोळांत तेवढी जागा क्वचितच मिळते. महापालिकेची परवानगी, वीज तोडणे आणि धुळीसाठी पाणी मारणे हे ओघाने आलेच. शेजाऱ्यांच्या भिंतींवरील जुन्या तड्यांची छायाचित्रे मात्र त्यांच्यासमक्ष, काम सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवावीत.