‘समग्र’ गोडेल म्हणू नका

विचारलंय असं की तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलचे ‘कलेक्टेड वर्क्स’ म्हणून जे पाच खंड आहेत त्यांना मराठीत ‘समग्र गोडेल’ म्हणायचं की ‘संकलित लेखन’, आणि गणिताच्या लेखनाला ‘वाङ्मय’ चालतं का.

‘समग्र’ नको. कितीदा सांगायचं! कुणाचेही चार लेख एका पुठ्ठ्यात बांधले की लगेच समग्र. सम् आणि अग्र, म्हणजे पार टोकापर्यंत, काहीही बाहेर न ठेवता. ऑक्सफर्डने १९८६ ते २००३ मध्ये काढलेल्या या खंडांत पहिले दोन छापलेल्या लेखनाचे, तिसऱ्यात अप्रकाशित लेख-व्याख्यानांतलं निवडक, चौथ्या-पाचव्यात पत्रं, तीही निवडून. गाबेल्सबर्गर लघुलिपीत भरलेल्या कित्येक वह्या बाहेरच राहिल्या. संपादक फेफरमन आणि मंडळींनी नावात ‘कम्प्लीट’ घातलं नाही ते उगाच नाही. ‘संपूर्ण गोडेल’ तर बोलूच नका, अंकगणित सामावणाऱ्या कुठल्याही सुसंगत नियमचौकटीत काही खरी विधानं सिद्ध न होता उरतातच, हे अपूर्णतेचं प्रमेय त्याचंच आहे (१९३१, पहिल्याच खंडात सापडेल, १९२९ च्या संपूर्णतेच्या प्रबंधाच्या शेजारी).

आता खरी मजा ‘संकलित’मध्ये आहे. आपल्याला वाटतं संकलन म्हणजे गोळा करणं, कात्रणं वगैरे. पण जुन्या गणितात संकलित म्हणजे सरळ बेरीज, आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी! लीलावतीत भास्कराचार्य एकपासूनच्या ओळीने येणाऱ्या आकड्यांच्या बेरजेलाच ‘संकलित’ म्हणतात, पदात (म्हणजे शेवटच्या आकड्यात) एक मिळवा, पदाने गुणा, निम्मं करा. नऊपर्यंत केलं तर ४५. मग त्या बेरजांचीही बेरीज, तिचं नाव ‘संकलितैक्य’. काय शब्द आहे!

आणि हा ‘कल्’ धातू मोजण्याचा तसाच उमगण्याचाही, त्यातूनच आकलन, आणि आपलं रोजचं ‘कळणं’सुद्धा. माझं मत असं (कोशवाले मान्य करणार नाहीत, न करोत) की मोजता आलं की कळलं हे आपल्या भाषेने कधीच ठरवून टाकलंय. फक्त यावर कुणी ‘कॅल्क्युलस’ (ज्याला मराठीत कलन म्हणतात) घेऊन येऊ नका, तो लॅटिनमधला मोजायचा खडा, ‘कलन’शी त्याचं नातं नुसतं कानाला वाटतं, तरी मोठमोठे लोक छातीठोकपणे सांगतात की तो शब्द आपल्याकडून गेला. जाईल कसा?

‘संकलित’मधली एक खोट मात्र मान्य करतो. गोडेलने तर्काच्या चिन्हांना आकडे दिले आणि ते आकडे २, ३, ५ अशा ओळीने येणाऱ्या मूळ संख्यांचे घातांक करून सगळ्यांचा गुणाकार केला, म्हणजे अख्खं विधान एका संख्येत, आणि अवयव पाडले की विधान जसंच्या तसं परत. बेरीज केली असती तर काय मिळवलं होतं ते पुन्हा ओळखताच आलं नसतं. तेव्हा काटेकोर बोलायचं तर ‘गुणित’ म्हणायला हवं, पण ते कोण छापणार.

हां, वाङ्मय राहिलं. वाक् पासून झालेलं ते, बोललेलं. लघुलिपीत स्वतःपुरतं लिहून ठेवणाऱ्या माणसाला कसं लावायचं? ‘संकलित लेखन’ लिहा.