पुण्याच्या वकीलबाईंना इंग्लंडहून उत्तर

शिवाजीनगर कोर्टात नऊ वर्षं दिवाणी प्रॅक्टिस, सकाळी लॉ कॉलेजात अर्धवेळ तास, यजमानांची मँचेस्टरची नोकरी पक्की. मग इथे सॉलिसिटर (अशिलाचं काम थेट बघणारा वकील) किंवा बॅरिस्टर (मुख्यतः कोर्टात उभा राहणारा वकील) होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवता येईल का, असं तुम्ही विचारलंत. येईल. पण नुसत्या एलएलएमच्या जोरावर नाही. मी त्याच भ्रमात आलो होतो आणि पहिलं दीड वर्ष एका फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा मदतनीस, म्हणून फायली लावल्या.

इथे एलएलबी शिकवणारे वेगळे आणि सॉलिसिटर-बॅरिस्टर घडवणारे हे कोर्स शिकवणारे वेगळे. या वर्गात कराराची तत्त्वं कुणी विचारत नाही. ‘क्लायंटचे पैसे चुकून फर्मच्या खात्यात जमा झाले, आता एन्ट्री कुठे?’ असं विचारतात. म्हणून कॉलेजं इथली पात्रता बघतात, आणि थोडी तरी इथली प्रॅक्टिस.

तेव्हा आधी एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झॅमिनेशन) द्या. 2021 पासून सॉलिसिटर व्हायची ही परीक्षा आहे. तुम्ही सनदधारक वकील असल्याने दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट तुम्हाला नाही. पहिल्या टप्प्यात 360 प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. हा टप्पा भारतातल्या केंद्रावर देता येतो. दुसऱ्यातल्या तोंडी परीक्षेला मात्र इकडेच यावं लागतं. दोन्हींची फी मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर जाते. अभ्यासात नवं शिकणं जड जात नाही, जुनं विसरणं जातं. करारभंगाच्या दाव्याची मुदत विचारली की हात आपोआप तीन वर्षांवर जातो, इथे सहा आहेत.

बॅरिस्टर म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांचं ग्रेज इन, ही लंडनमधली बॅरिस्टरांची संस्था, आठवतं. जरूर बघून या. पण बारच्या कोर्सवर शिकवायला बहुधा बॅरिस्टरच लागतो आणि जागाही मोजक्या, त्यामुळे सुरुवात तिथून करू नका.

आता शिकवण्याबद्दल. माझ्या पहिल्या अ‍ॅडव्होकसीच्या, म्हणजे कोर्टात बाजू मांडायला शिकवण्याच्या, वर्गात एका मुलीने उलटतपासणी घेतली. मी म्हणालो, “छान झालं, प्रश्न जरा छोटे ठेवा.” मागे बसलेल्या सीनियर बाईंनी नंतर मला बाजूला घेतलं. “यातून ती उद्या नेमकं काय वेगळं करणार?” मला उत्तर देता येईना. इथे हॅम्पेल पद्धत चालते: एकच दोष निवडायचा, त्याला नाव द्यायचं, विद्यार्थ्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत वाचून दाखवायचं, ते का फसलं आणि कसं सुधारेल ते सांगायचं, स्वतः करून दाखवायचं, मग त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं. वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवायचं तर ते बोलताना लिहून घ्यावं लागतं, आणि इथेच आपण मार खातो. आपल्याला सवय लेक्चर झोडण्याची. तुमच्या ज्युनियरवर आजपासून हे करून बघा. मुलाखतीत दहा मिनिटांचा डेमो असाच मागतात, निदान मला तरी मागितला.

यजमानांच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलात तर तुम्हाला नोकरी करता येते, त्यामुळे कॉलेजने स्पॉन्सर करण्याचा प्रश्न उरत नाही. ही तुमची मोठी जमेची बाजू. माझी ती नव्हती. पहिल्या कॉलेजने मला तासांवर घेतलं. वर्गाचे पैसे चोख मिळायचे, पण साठ पेपर तपासायचे तास त्यातच धरलेले, आणि उन्हाळ्यात शून्य. तेव्हा सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: तपासणीचे पैसे वेगळे मिळतात का, आणि वर्षाला किमान किती तासांची हमी आहे. विचारलं म्हणून इथे कुणी रागावत नाही. दिवाळीचं मात्र विसरा. एसक्यूईच्या पहिल्या टप्प्याची एक परीक्षा जानेवारीत असते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच वर्गांचा भर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी ऑनलाइन वर्गात ट्रस्टचा कायदा शिकवत असतो आणि मागून करंज्यांचा वास येत असतो.

सनदेचं राहिलं. पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत की प्रॅक्टिस थांबवून बार कौन्सिलला तसं कळवावं लागेल. पण ते नोकरीचं पत्र हातात आल्यावर. तोवर चालू केसेस कुणाकडे सोपवायच्या, याची यादी करायला घ्या. मी ती विमानतळावर करत होतो.