मार्क टू घाटात खणखणतेय? इंजिन नंतर उतरवा, आधी डिस्ट्रिब्युटर उघडा

तुमची पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. १९७२ ची अँबेसिडर मार्क टू, सपाटीला झकास चालते, पण नाशिकहून सिन्नरकडे जाताना मोहदरी घाट लागला आणि तिसऱ्यात पाय दाबला की खणखण सुरू. दोन ठिकाणी टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) करून झालं, आणि आता तिसरे म्हणतात बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, गेलं, इंजिन उतरवू. गाडीचं साल तेवढं वेगळं, बाकी माझीच कहाणी. त्यांना पैसे दिले नसतील तर चार दिवस थांबा आणि हे सगळं वाचा. लांबलंय, त्याला इलाज नाही.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. सातपूरला टूलरूममध्ये नोकरी झाली, त्यामुळे मोजल्याशिवाय हात लावायचा नाही ही खोड आहे. तुमची गाडी मी ऐकलेली नाही. खरंच बेअरिंग गेलं असेल तर माझ्या भरवशावर घाट चढत बसू नका.

ते तपासायला मात्र इंजिन उतरवावं लागत नाही. नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकल्याचा, आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा, बारीक आणि कोरडा असतो. लोडवर येतो, पाय उचलला की त्याच क्षणी जातो. बिग एंडचा आवाज जड, खालून येणारा. तो पाय उचलल्यावरही ऐकू येतो आणि गरम इंजिनवर ऑइल प्रेशर पडलेलं दिसतं. गाडी उभी करून, रेस धरून, लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकेका प्लगचा करंट इंजिनच्या लोखंडाला टेकवून अर्थ करा, म्हणजे तो सिलिंडर बंद पडेल. बिग एंड गेलेला सिलिंडर बंद पडला की ठोका हलका होतो. (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगना पाळीने करंट वाटणारा भाग. त्यात करंट तोडणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर हा उद्योग करू नका, किट जाईल.) उभ्या गाडीत रेस देऊन काहीच वाजत नसेल आणि फक्त घाटातच वाजत असेल, तर बेअरिंगवर माझा तरी विश्वास बसणार नाही.

बल्ब लावून स्टॅटिक, म्हणजे बंद इंजिनवरचं, टायमिंग कसं करतात ते तुम्हाला येतं, हे पोस्टवरून दिसतंय, म्हणून त्यात शिरत नाही. पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर, एवढं मात्र पाळा. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. टायमिंग करून झाल्यावर जाता जाता पॉइंट घासून देणारे महाभाग नाशकात द्वारकेपासून अंबडपर्यंत कुठेही भेटतील. लुकासच्या या डिस्ट्रिब्युटरला गॅप १४ ते १६ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आणि हँडलने इंजिन फिरवताना पुलीवरची खूण पुढे गेली तर तेवढंच मागे आणू नका. चेनची ढील मध्ये येते. बरंच मागे घेऊन पुन्हा पुढे या.

आता मुद्द्याचं. दोन्ही ठिकाणी तुमचं टायमिंग ‘बरोबर’ निघालं असं तुम्ही लिहिलंय. निघणारच. ते बंद इंजिनवर किंवा आयडलिंगला पाहिलेलं टायमिंग. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास फिरतं, आणि तिथे टायमिंग किती आहे हे कोणीच पाहिलेलं नाही. बिघाड तिथेच असतो, आणि माझ्या गाडीत तो तिथेच होता.

ज्या वर्कशॉपने मला बुडवलं त्याचं नाव लिहीत नाही. मोठं होतं, एसी वेटिंग रूम, भिंतीवर सर्टिफिकेटं. मी फक्त पॉइंट, कंडेन्सर आणि सर्व्हिसिंग सांगितलं होतं. त्यांनी डिस्ट्रिब्युटर खोलला आणि बेसप्लेटखाली, वेग वाढला की बाहेर सरकणाऱ्या वजनांच्या दोन स्प्रिंगा पाहिल्या. एक बारीक, ताणून बसलेली. दुसरी जाड तारेची आणि चक्क ढिली, तिचा लांबट फासा खुंटीवर सैल लोंबतोय. पोराला वाटलं, स्प्रिंग सैल पडलीय. मग दोन्ही काढून दोन सारख्या, बारीक, घट्ट स्प्रिंगा टाकल्या आणि बिलावर ‘स्प्रिंग किट’ लिहिलं.

ती जाड स्प्रिंग ढिलीच असते. कारखान्यातूनच तशी येते. सुरुवातीला फक्त बारीक स्प्रिंग वजनांना धरून ठेवते, म्हणून ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते, झपाझप वाढतो. ठरावीक आरपीएमला जाड स्प्रिंगेचा फासा खुंटीला भिडतो आणि तिथून पुढे ॲडव्हान्स हळूहळू वाढतो. जो ॲडव्हान्स तीन हजारांच्या पुढे पूर्ण व्हायचा, तो दोन बारीक स्प्रिंगांवर दीड हजारालाच पूर्ण होतो. आयडलिंगला सगळं ठीक. स्टॅटिकला ठीक. आणि घाटात पूर्ण लोडवर ठिणगी कितीतरी आधी पडते. मग खणखणेल नाही तर काय.

इथवर चूक म्हणून सोडून दिलं असतं. मी आवाजाची तक्रार घेऊन परत गेलो तेव्हा त्यांनी डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला, आवाज जाईपर्यंत. घाटात आवाज गेला, हे खरं. पण आता आयडलिंगला ठिणगी टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असण्याच्या क्षणाच्या, पलीकडे पडत होती. पिकअप मेला, काटा गरमीकडे झुकायला लागला, पेट्रोल वाढलं. पुन्हा गेलो तर रेडिएटर साफ करून दिला. पुन्हा गेलो तर ‘जुनी गाडी आहे साहेब, पेट्रोल आता असंच येतंय’. रिटार्ड टायमिंगवर जळण उशिरा होतं आणि आग एक्झॉस्टमध्ये जाते, हे त्या सर्टिफिकेटांपैकी एकावरही लिहिलेलं नव्हतं बहुतेक. शेवटी एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला. मग हेड उतरलं, सीट, गाइड, आणि ‘उघडलंच आहे तर’ म्हणून रिंगा. बिल पाच आकडी. सगळं जोडून गाडी बाहेर आली, टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावलं, आणि मोहदरीला पुन्हा तीच खणखण! स्प्रिंगा तिथेच होत्या ना.

जुन्या स्प्रिंगा परत मागितल्या तर म्हणे भंगारात गेल्या. काढलेला प्रत्येक पार्ट डिकीत ठेवून मिळालाच पाहिजे, हे गाडी देतानाच जॉबकार्डावर लिहून घ्या. अगदी वॉशरसुद्धा. आजच्या बाजारात मूळ स्प्रिंग पैसे देऊनही पटकन मिळत नाही. मला ती एका मोडीत निघालेल्या डिस्ट्रिब्युटरमधून मिळाली. काढून दिली द्वारकेजवळच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियननी. डबा-दुकान, पाटीसुद्धा नाही. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतला फिरता रोटर बोटांनी पिळला आणि गाडी चालू न करताच आतल्या स्प्रिंगा बदलल्यात म्हणून सांगितलं.

ते तुम्हीही आत्ता, पार्किंगमध्ये करू शकता. कॅप काढा, रोटर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, हलक्या हाताने पिळा. आधी थोडा सहज जायला हवा आणि मग एकदम जड लागायला हवा. सोडला की झटक्यात परत यायला हवा. शेवटपर्यंत सारखाच मऊ लागला तर स्प्रिंगांवर संशय घ्या. परत येताना रेंगाळला तर आत ग्रीस वाळलंय, किंवा वजनं अडकतायत.

रोटरने शंका आली की टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून चालू इंजिनवर खूण दाखवणारा दिवा, लावा. व्हॅक्यूम युनिटची, म्हणजे कार्बोरेटरच्या ओढीने ठिणगी पुढे-मागे करणाऱ्या डबीची, नळी काढून तिचं तोंड बंद करा, मगच. पुलीवर जास्तीच्या खुणा स्वतः करून घ्या. दोऱ्याने पुलीचा घेर मोजा, त्याला ३६ ने भागा, तेवढं अंतर म्हणजे १० अंश. १०, २०, ३० अशा पांढऱ्या रेघा मारा. मग कोणाला तरी रेस हळूहळू वाढवायला सांगा आणि खूण कुठे, किती आरपीएमला पोचते ते लिहून ठेवा. स्टॅटिक धरून एकूण तीस अंशांच्या आसपास आणि तेही तीन हजारांच्या पुढे, हा अशा इंजिनांचा ढोबळ हिशेब. नेमके आकडे डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर ठोकलेल्या नंबराप्रमाणे बदलतात, म्हणून माझा आकडा ब्रह्मवाक्य समजू नका. दीड हजारालाच खूण तिशीला टेकली तर मात्र मला विचारायलाही थांबू नका.

लाइट हातात आहेच तर तिची क्लिप एक नंबरवरून काढून चार नंबरच्या लीडला लावून पाहा. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, म्हणजे चार नंबर एकच्या बरोबर एक फेरा नंतर पेटतो, त्यामुळे चार नंबरलाही खूण तिथेच दिसायला हवी. दोन्हींत फरक दिसला, किंवा खूण नाचत राहिली, तर शाफ्टचं बुश किंवा कॅम घासलाय. मग स्प्रिंग कितीही चांगली टाका, दोन सिलिंडर कायम वेगळे वाजणार.

मुळात पुलीवरची खूण खरी आहे का? पन्नास वर्षांत कोणी कुठली पुली टाकली असेल, सांगता येत नाही. बॅटरीची वायर काढा, चारही प्लग काढा, जुन्या प्लगच्या बॉडीतून एक बोल्ट बसवून तो एक नंबरच्या भोकात घट्ट करा. हँडल अगदी हळू फिरवा, पिस्टन टेकला की पुलीवर खूण. मग उलट्या बाजूने टेकवा, दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टॉप डेड सेंटर. जोर लावला तर पिस्टनला भोक पडेल, त्याला मी जबाबदार नाही.

व्हॅक्यूम युनिटवर लोक उगाच खापर फोडतात. पाय पूर्ण दाबलेला असताना व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, त्यामुळे घाटातल्या आवाजाशी त्याचा फारसा संबंध नाही. अर्ध्या थ्रॉटलवर, सपाटीला वाजत असेल आणि नळी काढल्यावर थांबत असेल, तरच तिकडे बघा. नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली तर डायफ्रॅम शाबूत.

पेट्रोलबद्दल इथे रोज भांडणं होतात, तर माझं मत. आपल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (मिश्रण कितीपट दाबलं जातं ते) ७.२ च्या आसपास. ते आजच्यापेक्षा हलक्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे. ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, ऑक्टेन (नॉकिंग टाळायची ताकद) ९५, म्हणजे ऑक्टेन कमी पडतोय ही सबब चालत नाही. महागडं प्रीमियम पेट्रोल भरून खणखण थांबली तर आजार बरा झाला असं समजू नका, तो फक्त झाकला गेला. ई२० चा त्रास वेगळा आहे. इथेनॉलमुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रण गरम जळतं. जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्रॅमही त्याने सुजतात, ते बदलून घ्या. हेड कितीदा प्लेन केलंय तेही विचारा. दोन-तीनदा झालं असेल तर कॉम्प्रेशन ७.२ राहिलेलं नसतं, वाढलेलं असतं.

याला जोडूनच पीयूसी. माझ्या गाडीवर एसयू कार्बोरेटर आहे. जुन्या गाड्यांना सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आहे, ती नीट ट्यून केलेली गाडी आरामात पाळते. पण एका केंद्रावरच्या माणसाने आकडा अजून खाली आणायचा म्हणून कार्बोरेटरखालचा जेटचा नट दोन-तीन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी तेवढ्या) वर चढवला, म्हणजे मिश्रण पातळ केलं, न विचारता. एसयूमध्ये जेट एकच. आयडलिंगला केलेलं पातळ वरपर्यंत पातळच राहतं. प्लग पांढरे पडले आणि घाटात पुन्हा टिकटिक. तुमचे प्लग काढून आधी रंग बघा. पांढरे असतील तर टायमिंगला हात लावायच्या आधी मिश्रण. पीयूसीला जाताना बॉनेटपाशी स्वतः उभे राहा.

तुम्ही शेवटी विन्टेज नोंदणीचंही विचारलंय. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी त्यात बसते, तुमची बसेल. व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. तुम्ही दर महिन्याला सिन्नरला जाता म्हणताय, तर साधं पाच वर्षांचं रिन्यूअलच करा, असं माझं मत. एमएच-१५, म्हणजे नाशिक आरटीओच्या खिडकीवर कोण काय सांगेल त्यावर मात्र जाऊ नका, नियम छापून सोबत न्या.

सध्या एवढंच करा. कॅप काढून रोटर पिळून बघा, बेसप्लेटचे दोन स्क्रू काढून खालच्या स्प्रिंगांचा फोटो आणि बॉडीवरचा नंबर इथे टाका. स्प्रिंगा ताणून बघू नका, त्या एकदा ताणल्या की गेल्या. फोटो दिवसाउजेडी काढा. दोन्ही तारा एकाच जाडीच्या दिसल्या तर माझ्याकडे त्या मोडीतल्या डिस्ट्रिब्युटरची एक जास्तीची जाड स्प्रिंग आहे. तुमच्या नंबराला जुळली तर घेऊन जा.